उत्सेचक, उत्प्रेरक की विकर?

बडोद्याहून प्रश्न आला आहे: जीवशास्त्र गुजरातीतून शिकलो, मराठीत लिहिताना ‘उत्सेचक’ला ‘उत्प्रेरक’ म्हणावं का? आणि ‘डीएनएचं स्वयंजनन’ चालेल का?

गुजराती ‘उत्सेचक’ म्हणजे एन्झाइम, सजीवांतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारा पदार्थ. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘विकर’ म्हणतात. नपुंसकलिंगी, अनेकवचन विकरे. उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट, कुठल्याही रासायनिक क्रियेला वेग देणारा) चूक नाही, पण फार ऐसपैस: वनस्पती तूप करताना वापरतात ते निकेलही उत्प्रेरकच. खरी फसगत ‘उद्दीपक’ची. गुजराती पुस्तकांत तो कॅटॅलिस्ट, मराठीत मात्र प्रतिसाद जागवणारी गोष्ट, म्हणजे डोळ्यावर पडलेला झोत वगैरे. ‘संप्रेरक’ तर हार्मोन, त्याच्या वाटेला जाऊच नका. (बडोदे संस्थानाच्या 1931 सालच्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’त राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले होते. शास्त्राच्या शब्दांनाही तसाच तक्ता हवा.)

‘स्वयंजनन’, म्हणजे एका डीएनए रेणूचे दोन होणं, हा गुजराती शब्द मराठीत नको. त्यातला ‘स्वयं’ खटकतो, कारण डीएनए आपणहून काहीच करत नाही. सगळं विकरे करतात. हेलिकेज हे विकर डीएनएचे दोन धागे उसवतं. त्यामुळे पुढच्या भागाला पडणारा पीळ टोपोआयसोमरेज धागा कापून, सैल करून पुन्हा जोडतं. जिवाणूंतलं हे काम सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक अडवतं, म्हणून ते औषध. नवा धागा विणणाऱ्या पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवात करता येत नाही. आधी प्रायमेजने साधारण दहा घटकांचा (न्यूक्लिओटाइडांचा) आरएनएचा तुकडा घालावा लागतो. रंगाऱ्याच्या प्रायमरसारखाच, फक्त हा नंतर काढून टाकतात. पॉलिमरेज धाग्याच्या एकाच, 3' (थ्री प्राइम) नावाच्या टोकाला भर घालतं आणि दोन धागे उलट दिशांनी धावतात, म्हणून एक धागा सलग होतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी: जिवाणूंत 1000 ते 2000 घटकांचे, आपल्या पेशींत 100 ते 200 चे. हे ओकाझाकी तुकडे. त्यांना सांधणारं लायगेज नसेल तर ते सुटेच राहतात.

तेव्हा ‘द्विगुणन’ लिहा. ‘प्रतिकृती’ रूढ आहे, पण तिने झेरॉक्सचा भास होतो: मूळ बाजूला, नक्कल हातात. इथे प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना, एक नवा. मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये तेच दाखवलं.

विकरांची नावं मात्र भाषांतरित करू नयेत. शेवटचा ‘एज’ म्हणजे विकराची खूण, 1833 च्या ‘डायास्टेज’ या विकराच्या नावापासून चालत आलेली, भाषांतरात ती पुसली जाते. लायगेजला फार तर ‘सांधणारं विकर’ म्हणा. ‘बंधक’ लिहिलंत, तर वाचणारा आधी खंडणी किती मागितली ते विचारेल.