एवढ्या जणी बसून चुकलो, मग एकटीनंच ठरवावं काय?

प्रश्न : आमचा बायकांचा संघ आहे, खानापूर तालुक्यात. शेवयाचं मशीन घ्यायला लोन काढूया म्हणून मिटिंग झाली, अध्यक्ष ताई पहिल्यांदा बोलल्या, मग सगळ्यांनी हो हो म्हटलं आणि ठराव लिहून सह्या पण झाल्या. आता कळतंय मशीनला थ्री फेज करंट लागतो. आमच्यातल्याच एकीला हे माहीत होतं, तिच्या माहेरी तसलंच मशीन बंद पडून आहे, पण ती बोललीच नाही. एवढ्या जणी बसून चुकतो तर एकटीनंच ठरवलेलं बरं नाही काय?

उत्तर : ताई, एकटीवर सोडू नका. बरोबर उत्तर तुमच्या संघातच होतं, ते फक्त बाहेर आलं नाही. १९८५ साली अमेरिकेत स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं, चार-चार जणांचे गट केले आणि निवडणुकीच्या उमेदवारांची माहिती वाटून दिली, काही गोष्टी सगळ्यांना आणि काही एकेकालाच, सगळं एकत्र मांडलं असतं तर चांगला उमेदवार सरळ दिसला असता, पण बहुतेक गट दुसऱ्यालाच निवडून मोकळे झाले. जे सगळ्यांना ठाऊक आहे त्यावरच माणसं बोलत बसतात. त्यात मोठं माणूस आधी बोललं की संपलंच, म्हणून त्या बाईला बोल लावू नका, सगळ्या हो म्हणत असताना एकटीनं नाही म्हणायला लई धाडस लागतं.

आता गटाची ताकद कुठं आहे ते बघा. टेबलावर चार कार्डं आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा, वर दिसतात ते : ए, के, ४, ७. नियम असा, एका बाजूला स्वर असेल तर मागं सम संख्याच पाहिजे. नियम खरा की खोटा हे बघायला कुठली कार्डं उलटायची? बरेचजण ए आणि ४ म्हणतात. पण ४ च्या मागं काहीही निघालं तरी नियम मोडत नाही, मोडेल तो ७ च्या मागं स्वर निघाला तर, म्हणजे ए आणि ७ उलटायला पाहिजेत. हे कोडं एकट्याला दिलं तर दहात एखाद्यालाच जमतं. १९९८ च्या एका प्रयोगात पाच-सहा जणांना चर्चा करू दिली तर चारातल्या तीन गटांना जमलं, कारण कुणीतरी विचारतो "अरे, सातच्या मागं स्वर असला तर?" आणि बाकीच्यांना ते पटतं. नुसतं हो हो करून हे होत नाही, "का म्हणून?" असं विचारायला लागतं, उलट बोलायला लागतं.

पैसे उचलले नसतील तर परत मिटिंग बोलवा, ठराव बदलता येतो, त्यात कुणाचा कमीपणा नाही. यावेळी प्रत्येकीचं मत आधी चिठ्ठीवर घ्या, अध्यक्ष ताईंनी शेवटी बोलावं. आणि "कुणाला काय शंका?" असं विचारू नका, त्याला कोण हात वर करत नाही. नाव घेऊन विचारा, तुझ्या माहेरी, शेजारी कुणाकडं असलं मशीन आहे काय, कसं चाललंय, करंट किती तास असतो.

प्रश्न : गावच्या लक्ष्मी यात्रेच्या खर्चाचा अंदाज पंच कमिटीतला एक जाणता माणूस सांगतो, तोच धरावा की सगळ्यांना विचारावं? (बेळगाव तालुका)

उत्तर : सगळ्यांना विचारा, पण वेगवेगळं. इंग्लंडात प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर, वजन किती भरेल यावर पैज होती, गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञानं १९०७ मध्ये ७८७ चिठ्ठ्यांचा हिशेब छापला. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. कुणी जास्त लिहिलं, कुणी कमी, चुका एकमेकांत जिरल्या. एकमेकांचे आकडे ऐकून सांगितलं तर सगळे एकाकडं सरकतात आणि हा फायदा जातो. एक अडचण आहे, यात्रा कितीतरी वर्षांनी भरते, सगळ्यांच्या डोक्यात मांडवाचे जुनेच रेट असतील तर सगळे एकाच बाजूला चुकतील आणि मधला आकडा पण कमीच येईल, म्हणून मांडववाला आणि आचारी यांचं यंदाचं कोटेशन आधी सगळ्यांपुढं वाचा, मग चिठ्ठ्या घ्या.