थायरॉइडच्या गाठीला सोनोग्राफी पुरते का, की सीटी स्कॅन करावाच लागतो?

पुरते. तुमच्या आईचा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग सीटीच्या मागे कशाला लागलाय? घरातलं कोणीतरी डोकं खात असणार. आमच्याकडे तो माझा सख्खा दादा.

आईची गाठ मला दिसली ती जेवताना, सोलकढी पिताना गळ्यात काहीतरी वर सरकलं आणि परत खाली आलं. काका म्हणाले रोज मासे खाणाऱ्याला थायरॉइड होतच नाही (होतो हो). दुसऱ्या दिवशी लांज्याहून एसटीने रत्नागिरी. डॉक्टरांनी खांद्याखाली उशी घालून मान मागे टाकायला लावली, वर थंडगार जेल, आणि "आवंढा गिळा" म्हटलं की आईला हसू यायचं. मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, गाठ आडवी आहे, उभी वाढलेली नाही, कडा साफ, आत पांढरे बारीक ठिपके नाहीत. २.२ सेंटीमीटर, टायरॅड्स ३ (सोनोग्राफीत जे दिसतं त्यावरून गाठ किती संशयास्पद, त्याचा १ ते ५ नंबर). अमेरिकन रेडिऑलॉजीवाल्यांच्या २०१७ च्या तक्त्यात ३ नंबरला अडीच सेंटीमीटरपासून सुई टोचतात (गाठीतल्या पेशी काढून तपासायला), ४ ला दीडपासून आणि ५ ला एकपासून, म्हणजे आईला सुईपण नको, वर्षाने परत सोनोग्राफी.

हे फोनवर सांगितलं तर दादा म्हणतो गावच्या सोनोग्राफीवर काय भरवसा, आणि मी म्हणे पैसे वाचवतो! आईला डोंबिवलीला नेलं, डाय (स्कॅनमध्ये ठळक दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) घालून सीटी केला, आणि रिपोर्टात शेवटी काय लिहिलेलं? थायरॉइडमध्ये गाठ आहे, सोनोग्राफीशी ताडून पाहावे. अहो गाठ साधी की वाईट हे सीटीत नीट कळतच नाही, एमआरआयचंही तेच, तिथे सोनोग्राफी आणि लागली तर सुई.

हां, गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, श्वास अडकत असेल किंवा कॅन्सर आजूबाजूला पसरल्याची शंका असेल तर सीटी लागतो, तेव्हा माझं ऐकू नका, सर्जनचं ऐका. फक्त त्या डायमध्ये आयोडीन असतं, पुढे रेडिओआयोडीन (थायरॉइडवरचं किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध) द्यायची वेळ आली तर काही आठवडे थांबावं लागतं, हे आधी विचारून घ्या. टीएसएच कमी आला असता तर न्यूक्लिअर स्कॅनचं (किरणोत्सर्गी औषध देऊन गाठ किती काम करते ते पाहतात) बोललो असतो.

आईची गाठ तीन वर्षं झाली तेवढीच आहे. सीटीची फिल्म कपाटावर पडलीय, दादा, वाचत असशील तर गणपतीला आलास की घेऊन जा.