आई ६८ वर्षांच्या, पक्षाघात झालेल्या बाबांची सेवा करतात आणि घराबाहेर पडत नाहीत. बागकामाने बरं वाटेल का?

वाटेल, पण आधी बाबांजवळ बसायला माणूस ठरवा, मग कुंड्या आणा. लक्ष आत अडकलं असेल तर बाल्कनीत उभं राहूनही विसावा मिळत नाही. शक्यतो सकाळी, बाबांचं औषध-नाश्ता आटोपल्यावर, रोज २० मिनिटं कुणीतरी बसा आणि आईंना जवळच्या बागेत पाठवा. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, आठवड्याला निसर्गात किमान १२० मिनिटं घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं दिसलं. ही मिनिटं तुकड्यातुकड्यांनी झाली तरी चालतात.

घरी सुरुवात एकाच ट्रेने करा: सहा इंच खोल, तळाला भोकं, निम्मी माती, निम्मं शेणखत-कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). मेथी पेरा. तीन-चार दिवसांत उगवते, तीन-चार आठवड्यांत भाजीला येते. ट्रे कमरेच्या उंचीवर ठेवा. रुग्णाला उचलून आधीच दुखणारी पाठ वाकून आणखी धरते. बोट इंचभर खुपसून माती कोरडी लागली तरच मगभर पाणी. रोप पिवळं पडून कोलमडतं ते बहुधा जास्त पाण्याने.

एकदम दहा कुंड्या आणू नका, ती आणखी एक ड्यूटी होते. झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर बागेवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत बोलता येतं.