युद्धाच्या काळात ट्रेनिंगमध्येच एवढे वैमानिक का मेले? चूक पायलटचीच होती का?

नमस्कार भाऊ. तुम्ही विचारलं की दुसऱ्या महायुद्धात समोर शत्रू नसताना नुसतं शिकता शिकता एवढी पोरं कशी मेली, चौकशीत जिथंतिथं 'पायलटची चूक' लिहिलेलं दिसते तर ती खरंच कच्ची पोरं होती का, आणि अशा मरणाला युद्धातलं मरण म्हणायचं का. मी वायुदलात २० वर्षं एअरफ्रेमच्या कामावर होतो, पायलट नव्हतो, विमानाच्या पोटात शिरून केबल तपासणारा माणूस. आता गोंदिया जिल्ह्यात धान करतो. आमच्यापासून बिरसीची धावपट्टी जवळ आहे, इंग्रजांनी युद्धाच्याच काळात बांधलेली, माझे आजोबा तिथं गिट्टी फोडायला जायचे असं घरी सांगत. आज तिथं पायलटचं ट्रेनिंग चालते, रोवणीच्या वेळी बांधीत वाकलेलो असतो तेव्हा डोक्यावरून पोरं घिरट्या घालून राहिलेली असतात. म्हणून या विषयावर जरा लांबच लिहीन, सांभाळून घ्या.

आधी आकडा बघा. अमेरिकेनं १९३९ ते १९४५ मध्ये १,९३,००० च्या वर पायलट तयार केले. त्यातले बरेच युद्धाआधी कधी विमानात बसलेले नव्हते, कोणी शेतातून आला, कोणी कॉलेजातून. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात अमेरिकेच्याच जमिनीवर, ट्रेनिंग, टेस्ट, विमानं इकडून तिकडं नेणं सगळं धरून, त्यांच्या लष्करी विमानांच्या अपघातात १५,००० च्या आसपास माणसं गेली. कॅनडात जी मोठी ट्रेनिंग योजना होती तिथून १,३१,५५३ जण शिकून बाहेर पडले आणि ८५६ जण शिकतानाच मेले. इंग्रजांच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानांच्या दलाचे, ५५,५७३ मेले, त्यातलेही काही हजार जर्मनीचं तोंड न पाहताच गेले. आपलीही पोरं बेगमपेटला, जोधपूरला टायगर मॉथ नावाच्या छोट्या शिकाऊ विमानावर शिकून पुढं अंबाल्याला जायची, त्यांचा रस्ता वेगळा नव्हता.

कारण एका शब्दात सांगायचं तर घाई. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडात काही पोरं स्पिटफायर या लढाऊ विमानावर जेमतेम १०-१५ तास काढून लढाईत गेली. चांगली विमानं सगळी आघाडीवर, आणि तिथं झिजलेली बॉम्बर शिकाऊंना दिलेली, वेलिंग्टन व्हिटली वगैरे. त्यात रात्र, ढग, वेल्स आणि स्कॉटलंडचे डोंगर. अजूनही त्या डोंगरांत विमानांचे तुकडे सापडतात.

आता विमान पडते कसं ते सांगतो, कारण त्याशिवाय 'चूक' हा शब्द कळत नाही. पंख हवेला जास्त कोनात भिडला की त्याची उचल मोडते, याला स्टॉल म्हणतात. एक पंख आधी बसला की विमान भोवऱ्यासारखं फिरत खाली येते, तो स्पिन. आता पोराला समोर जमीन गरगरताना दिसते, तर तो काय करेल? समोरचा विमान वळवायचा दांडा पोटाशी ओढेल, नाक वर करायला. कोणीही तेच करेल, मीही करीन. आणि नेमकं त्यानंच स्पिन सुटत नाही. इंजिन कमी करायचं, फिरण्याच्या उलट बाजूचं पायातलं पेडल पूर्ण दाबायचं आणि दांडा पुढं, म्हणजे जमिनीकडं ढकलायचा. जीव जाऊन राहिला आणि हात उलटं काम करायला पाहिजे. ते नुसतं सांगून येत नाही, हाताला सवय लागते. पहिल्या महायुद्धात बरेच दिवस स्पिनमध्ये जाऊच नका एवढंच शिकवत, मग १९१७ ला गोस्पोर्ट इथं स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्यानं उलटं केलं, मुद्दाम मास्तरासोबत स्पिनमध्ये न्यायचं आणि बाहेर काढायला शिकवायचं. टायगर मॉथमध्ये मास्तर पुढं, पोरगा मागं, आणि बोलायला रबराची नळी, तिला गोस्पोर्ट ट्यूबच म्हणत.

ढगात तर अजून वाईट. कानात तोल सांभाळणारं जे पाणी असते ते एकसारख्या वळणात काही सेकंदांत स्थिर होते, मग विमान कलंडलेलं असूनही शरीर सांगते की सरळ चाललो. पोरगा शरीराचं ऐकतो, तोल-दिशा दाखवणाऱ्या समोरच्या घड्याळांचं नाही. १९३४ ला अमेरिकेत लष्करी पायलटांना अचानक टपाल न्यायला लावलं आणि खराब हवेत काही आठवड्यांत डझनभर मेले, तेव्हा कुठं त्यांनी एडविन लिंकचं यंत्र घेतलं, पहिल्यांदा ६ नग. लिंकच्या घरचा ऑर्गनचा कारखाना, त्यानं पेटीच्या भात्यासारखे भाते लावून जमिनीवरच हलणारी खोटी विमानपेटी बनवली होती. युद्धात लाखो पोरं त्या पेटीत झाकण लावून, आंधळं उडायला शिकली.

आणि 'कच्ची पोरं' म्हणाल तर ३० ऑक्टोबर १९३५ घ्या. अमेरिकेत बोइंगचं नवं बॉम्बर टेस्टला उठलं, चालवणारा त्यांच्या लष्करातला नामी टेस्ट पायलट, आणि जमिनीवर वाऱ्यानं शेपटाचे पाट हलू नये म्हणून जो लॉक लावतात तो काढायचाच राहिला. विमान सरळ वर चढलं, थांबलं आणि कोसळलं, दोघं गेले. कारण विमान वाईट नव्हतं, पायलट तर नाहीच नाही, एका माणसाच्या डोक्यात मावणार नाही एवढ्या गोष्टी झाल्या होत्या. त्यातून चेकलिस्ट आली. मी कितीतरी सकाळी तो लॉक माझ्या हातानं काढला आहे आणि काढल्यावरही परत शेपटापर्यंत चालत जाऊन पाट हलवून बघायचो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे ती ही. तेच बॉम्बर पुढं बी-१७ झालं. युद्धात व्हायचं असं की विमान छान उतरायचं, आणि धावपट्टीवर पळता पळता पायलट फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखामागं खाली सोडतात ते पाट, उचलायच्या ऐवजी चाकंच उचलायचा, विमान पोटावर. चौकशीत काय, पायलटची चूक. १९४३ ला चपॅनिस नावाचा मानसशास्त्राचा माणूस पाठवला. त्यानं पायलटला काही विचारण्याआधी कॉकपिट पाहिलं. चाकाचं आणि फ्लॅपचं बटण शेजारी शेजारी, एकसारखं! ज्या दुसऱ्या विमानांत ती वेगळी होती तिथं ही चूक होत नव्हती. त्यानं चाकाच्या दांड्याला छोटं रबरी चाक लावायला सांगितलं, फ्लॅपला पाचरीसारखा तुकडा. आजही प्रवासी विमानात बघा, चाकाच्या दांड्याचं टोक चाकासारखंच असते. अंधारात, थकलेल्या हाताला कळते आपण काय धरलं ते.

हे मला नोकरीत असतानाच माहीत होतं, पण कळलं घरी आल्यावर. चिखलणी चालू होती. रोटावेटरमध्ये जुना नायलॉनचा दोर गुंडाळला, काकाजी तो काढायला खाली वाकले आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या पोट्ट्याला म्हणाले जरासा उचल. त्यानं रोटावेटर उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या ऐवजी तो फिरवणारा पीटीओचा दांडा ओढला. काकाजींच्या पायाची दोन बोटं गेली. पोट्टा १९ वर्षांचा, तीन दिवस झालेले कामाला, थरथर कापत होता आणि सगळा गाव त्याला बावळट म्हणत होता, मीही म्हटलं, जोरात म्हटलं, त्याच्या बापासमोर. रात्री ट्रॅक्टरवर जाऊन बसलो. दोन्ही दांड्यांना काळ्या गोल मुठी, झिजलेल्या, वरचं चित्र केव्हाचं पुसलेलं. डोळे मिटून हात लावला तर मलाही ओळखू आलं नाही. सकाळी पीटीओच्या मुठीवर सायकलची ट्यूब कापून गुंडाळली, वरून लाल रंग दिला, आणि इंजिन बंद केल्याशिवाय रोटावेटरला हात नाही असं ठरवलं. मग त्या पोट्ट्याच्या घरी गेलो. तो आजही आमच्याकडं ट्रॅक्टर चालवतो.

म्हणून भाऊ, 'पायलटची चूक' हे वाक्य दिसलं की तिथं चौकशी संपली असं समजू नका, तिथून पुढं विचारा की त्याला किती तास दिले होते, विमान कोणतं, हवा काय, मूठ कशी होती.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, याला युद्धातलं मरण म्हणायचं का. टेक्सासमध्ये टेरेल नावाच्या गावी इंग्रज पोरं शिकायची, २० जण तिथंच पुरलेत. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिथून निघालेली दोन विमानं खराब हवेत ओक्लाहोमाच्या डोंगरांवर आदळली, चार शिकाऊ गेले. २००० साली तिथल्या शाळेतल्या पोरांनी खटपट करून डोंगरात त्यांचं स्मारक उभारलं. आणि राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशानांत, आपल्याकडं खडकीला आहे, दिल्लीला आहे, नोकरीत असताना ट्रेनिंगमध्ये मेलेल्यालाही लढाईत मेलेल्यासारखाच दगड असतो, त्याच मापाचा. नाव, हुद्दा, तारीख. कसा मेला ते लिहीत नाहीत.