वाचकांचे प्रश्न : हाँगकाँगच्या वाटाघाटींची पूर्वतयारी

प्रश्न : हाँगकाँगचे बेट ब्रिटनला कायमचे मिळाले होते आणि भाडेपट्टा केवळ शेजारच्या प्रदेशाचा होता. मग मुदत संपण्याच्या १८ वर्षे आधीच ब्रिटनने चीनकडे हाँगकाँगच्या भवितव्याचा विषय का काढला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बेट १८४२ च्या नानकिंग तहाने आणि कौलूनचे टोक १८६० च्या कराराने कायमचे गेले होते, हे खरे, पण वसाहतीची जवळजवळ नऊ-दशांश जमीन १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलेल्या न्यू टेरिटरीजमध्ये होती आणि तिच्यावाचून बेटाचा संसार चालणे अशक्य होते.

घाई झाली ती जमिनीच्या कागदांमुळे. तेथील सरकारने लोकांना दिलेले पट्टे मूळ पट्ट्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे २७ जून १९९७ रोजी संपणार होते. तेव्हा त्यापुढे हप्ते जाणारे गृहकर्ज बँकांनी कशाच्या भरवशावर द्यायचे? मार्च १९७९ मध्ये गव्हर्नर मरे मॅक्लेहोस यांनी बीजिंगमध्ये ही अडचण तांत्रिक बाब म्हणून मांडली. हाँगकाँग चीनचेच आहे, मात्र गुंतवणूकदारांनी निश्चिंत राहावे, असे चीनचे सर्वोच्च नेते डेंग झियाओपिंग यांनी उत्तर दिले. परतल्यावर गव्हर्नरांनी लोकांना सांगितला तो त्यातला दुसरा भाग!

चीनची तयारी त्याआधीपासूनची होती. १९७२ मध्येच त्याने संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतींच्या यादीतून हाँगकाँग आणि मकाव ही नावे काढून घ्यायला लावली, म्हणजे स्वयंनिर्णयाचा (आपले भवितव्य लोकांनीच ठरवण्याचा) प्रश्नच उपस्थित होऊ नये. (गोव्याबाबत पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांनी १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतीला ‘सागरपार प्रांत’ म्हटले, हेतू उलटा, युक्ती तीच.) मूळ तैवानसाठी आखलेली ‘एक देश, दोन व्यवस्था’ (सार्वभौमत्व चीनचे, पण भांडवलशाही व्यवस्था कायम) ही चौकटही १९८२ पर्यंत तयार होती.

ब्रिटनची भिस्त मात्र तहांच्या कायदेशीरपणावर होती. अर्जेंटिनाविरुद्धचे फॉकलंड बेटांचे युद्ध जिंकून आलेल्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर सप्टेंबर १९८२ मध्ये बीजिंगला गेल्या त्या सार्वभौमत्वाच्या बदल्यात प्रशासन आपल्या हाती राखता येईल, या हिशेबाने. डेंग यांनी ते साफ नाकारले आणि एक-दोन वर्षांत तोडगा न निघाल्यास चीन आपला निर्णय स्वतः जाहीर करील, असे बजावले. माझ्या मते ब्रिटनची खरी चूक येथेच झाली : समोरचा पक्ष ज्या तहांना मुळातच मानत नाही, त्यांचेच भांडवल करून सौदा मांडायला ते निघाले होते.

प्रश्न : या वाटाघाटींत हाँगकाँगच्या लोकांचा प्रतिनिधी होता का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नव्हता. गव्हर्नर एडवर्ड यूड यांनी जुलै १९८३ मध्ये आपण हाँगकाँगच्या जनतेचे प्रतिनिधी म्हणून जात असल्याचे सांगितले, तेव्हा ते केवळ ब्रिटिश शिष्टमंडळाचे सदस्य म्हणूनच येऊ शकतात, असा खुलासा बीजिंगने तत्काळ केला. पुढच्या सर्व २२ फेऱ्या दोन सरकारांमध्येच झाल्या.