पोरानं पेढा लगेच खाल्ला, आता पुढे काय?

"मॅडम, ह्याला अजिबात सेल्फ कंट्रोल नाहीये, आत्ताच काही केलं नाही तर पुढे दहावीला काय दिवे लावणार?" मुलगा साडेचार वर्षांचा. दहावीला अजून दहा-अकरा वर्षं आहेत, पण आईच्या डोळ्यात पाणी होतं त्यामुळे हसायची सोय नव्हती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

झालं होतं असं की ताईंनी मोबाईलवर मार्शमॅलो टेस्टची बातमी वाचली. लहान मुलासमोर एक गोड गोष्ट (मार्शमॅलो म्हणजे तिकडची एक मऊ मिठाई) ठेवायची, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील सांगून खोलीतून बाहेर जायचं, आणि जी मुलं थांबतात ती म्हणे मोठेपणी हुशार, यशस्वी वगैरे. मग काय, लगेच डायनिंग टेबलवर पेढा. बाबा मोबाईल घेऊन पडद्यामागे. तो व्हिडिओ मीही बघितला, पोरगं आधी पेढ्यावरचा पिस्ता काढून खातं, मग दाराकडे बघतं, पुन्हा पेढ्याकडे, आणि मग अख्खा पेढा तोंडात आणि हात चड्डीला पुसून मोकळं. बाबांनी गंमत म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकलं तर त्याच्या आत्याने खाली लिहिलं, "अगदी मामावर गेलाय". मामाचा धंदा बुडालेला. आता खरं दुखणं कुठे होतं ते कळलं असेलच तुम्हाला.

पुढे रोज संध्याकाळी "संयमाची प्रॅक्टिस" सुरू झाली आणि पोरगं उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवायला लागलं, तेव्हा घाबरून हे दोघं माझ्याकडे आले.

मला स्वतःला अशा बातम्या वाचायला जाम आवडतात, पण ही बातमी नेहमी अर्धीच फिरते. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी हे प्रयोग 1960 च्या दशकाच्या शेवटी सुरू केले ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये, म्हणजे त्यातली बरीचशी पोरं प्रोफेसर लोकांची, आणि पुढच्या मार्कांशी संबंध दाखवला तोही थोड्याच मुलांवरून. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900 हून जास्त मुलांची माहिती तपासली तर पंधराव्या वर्षीच्या अभ्यासातल्या प्रगतीशी तो संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची समज हे सगळं धरलं तर तोही बराचसा विरघळला. एका पेढ्यावरून पोराचं भविष्य सांगणं म्हणजे पहिल्या ओव्हरवरून मॅचचा निकाल लावणं.

पण मला जास्त आवडतो तो 2013 चा प्रयोग, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला, सेलेस्ट किड यांचा. 28 मुलं. आधी चित्र काढायला जुने खडू द्यायचे आणि थांबलास तर भारी खडू आणते म्हणून जायचं. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले, निम्म्यांना "सॉरी, संपले". मग स्टिकर्सचंही तसंच. आणि त्यानंतर मार्शमॅलो. ज्यांना शब्द पाळणारी बाई भेटली ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेली मुलं 3 मिनिटं. पूर्ण 15 मिनिटं थांबणारी पहिल्या गटात 14 पैकी 9, दुसऱ्यात 14 पैकी 1.

म्हणून मी पोराशी गाड्या खेळत बसले आणि मधेच विचारलं, का रे लगेच खाल्लास? मान वर न करता म्हणाला, "दादा येऊन खातो ना." दादा म्हणजे चुलतभाऊ, घर एकत्र, आणि त्याच्या हातचा खाऊ दादाने पळवला की मोठी माणसं म्हणणार जाऊ दे, तुला दुसरा आणू. मग जरा थांबून, "आई फोनवर गेली की येतच नाही." ताई गप्प झाल्या. त्याचा हिशोब काही चुकीचा नव्हता. अर्थात एवढं एकच कारण असेल असंही नाही, पेढा ताजा होता आणि वय साडेचार, त्या वयात थांबणं मुळात जड जातं.

सांगितलं ते साधंच होतं. संयमाची प्रॅक्टिस आजपासून बंद. "उद्या आणू", "पाच मिनिटात येते" हे जमणार असेल तरच बोलायचं, नसेल तर सरळ नाही म्हणायचं, रडला तर रडू द्यायचं. त्याचा खाऊ त्याच्या डब्यात आणि दादाने घेतला तर दादाला थांबवायचं, ह्याला समजूतदारपणा शिकवायचा नाही. काळजी कधी करायची तेही विचारलं त्यांनी. शाळेतही बाई तेच सांगतायत, घसरगुंडीच्या रांगेत कधीच थांबता येत नाही, रस्त्यावर हात सोडून पळतो, आणि हे महिनोन्‌महिने चाललंय, तर डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनला, म्हणजे मुलांची वाढ आणि विकास बघणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा. ह्याचं तसं काहीच नव्हतं, शाळेत डबा उघडायला सगळ्यांबरोबर थांबतो.

अभ्र्यातली बिस्किटं काही दिवसांनी बंद झाली म्हणे. व्हिडिओ बाबांनी ग्रुपवरून काढलाय पण आत्याच्या मोबाईलमध्ये अजून आहे, आणि दिवाळीला ती येणार आहे, तेव्हा मामाचा विषय निघाला तर पोरासमोर बोलायचं नाही हे तिला बाबाच सांगतील असं ठरलंय.