आठ नाही होणार, साडेसहा होतील

पत्र: ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या खेड्यातला. यवतमाळला खोली करून बीएस्सी करतो, चौथं सेमिस्टर चालू आहे. बारावीला ८१ टक्के होते, गावात फ्लेक्स लागला होता. आता तीन सेमचे एसजीपीए, म्हणजे एकेका सेमची दहापैकी सरासरी, ५.५९, ४.४१ आणि ५.३२. सगळ्या सेमची मिळून सरासरी, म्हणजे सीजीपीए, ५.११. सेम २२ क्रेडिटचं आहे, क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. दुसऱ्या सेमचा गणिताचा चार क्रेडिटचा पेपर बॅक आहे. मी रिकामा बसत नाही. पहाटे भरतीसाठी ग्राउंड, मग दिवसभर अभ्यासिकेत तलाठी आणि एमपीएससी. कॉलेजात प्रॅक्टिकलपुरता जातो. दिवाळीत कापूस वेचायला घरी जावंच लागतं, आणि परत आलो की लगेच हिवाळी परीक्षा. बाबांनी टक्के विचारले तेव्हा साठ सांगितले. सीजीपीए आठवर जाईल का? की बीएस्सी सोडून मुक्त विद्यापीठातून बीए करू? रात्री झोप लागत नाही.

बाबू,

आधी आठचं सांगून टाकते. नाही होणार. राहिलेल्या तिन्ही सेमला आणि त्या गणितालाही दहापैकी दहा घेतलेस, तरी बेरीज ७.८६ वर थांबते. कागदावर मांडून बघ. प्रत्येक विषयाचं क्रेडिट गुणिले त्यात मिळालेला दहापैकी गुणांक, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. मागची तीन सेम त्या बेरजेत कायमची बसलेली आहेत. झोप उडवतोय तो हा आठचा आकडा, म्हणून तो आजच डोक्यातून काढून टाक.

आता होण्यासारखं काय आहे ते बघू. तुझ्या दुसऱ्या सेमच्या ४.४१ मध्ये गणिताला शून्य धरलंय, पण भागताना त्याचे चार क्रेडिट मोजलेत. म्हणजे तो एक विषय अख्ख्या सेमला खाली ओढतोय. साधा सहा गुणांक मिळवून तो काढलास तर ते सेम ५.५० होतं आणि सीजीपीए ५.११ वरून ५.४७ वर येतो. एका पेपरात एवढी उडी दुसरीकडे कुठंच मिळणार नाही. त्यानंतर चौथ्या, पाचव्या, सहाव्या सेमला साडेसात-साडेसात पाडलेस तर शेवटी ६.४८. आठ-आठ पाडलेस तर ६.७३. मला साडेसहाच्या आसपासचा आकडा तुझ्या आवाक्यातला वाटतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बीएडच्या प्रवेशाला पदवीत ५० टक्के लागतात, मागासवर्गीयांना ४५, एमएस्सीचं दारही उघडं राहतं. फक्त टक्क्यांत रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच कर. मित्रांच्या दहाने गुणायच्या हिशेबावर जाऊ नकोस.

तू लिहिलंस, मी रिकामा बसत नाही. ते मला पटलं. तू आळशी नाहीस, पण तुझा सगळा दिवस पुढच्या परीक्षेला जातोय आणि हातातल्या परीक्षेला उरतच नाहीये. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. अभ्यासिकेतल्या प्रत्येक खुर्चीवरच्या पोराला हे माहीत असतं, बोलत कोणी नाही. मी तुला ते सोड म्हणत नाही. तलाठ्याला पदवी लागते, राज्यसेवेला पदवी लागते आणि पदवीत किती टक्के पडले हे तिथे कोणी विचारत नाही, हे खरंच आहे. पण पदवी पूर्ण तर पाहिजे ना? गणित अडकलं तर तेही दार बंद. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. वेळ लावून पानंच्या पानं लिहायची सवय तुला सेमिस्टरच्या पेपरांतूनच लागेल, वस्तुनिष्ठ प्रश्नांचे संच सोडवून लागणार नाही. तेव्हा मेपर्यंत सकाळ ते दुपार कॉलेज आणि बीएस्सी, संध्याकाळी अभ्यासिका. ग्राउंड राहू दे, त्याने तब्येत चांगली राहते.

कॉलेजात जायचं ते हजेरीसाठी नव्हे, अंतर्गत गुणांसाठी. हे गुण पोरं सगळ्यात स्वस्तात घालवतात. समजा एका विषयात लेखीला ८० पैकी ४४ आले आणि अंतर्गत २० पैकी ८, तर झाले ५२. तेच अंतर्गत १६ असते तर ६०. लेखीत एक ओळ जास्त न लिहिता आठ गुण वाढले. वेळेत दिलेली असाइनमेंट, चाचणीला हजर राहणं, प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड सही घेऊन पूर्ण ठेवणं, एवढ्याचे ते गुण असतात. मार्कशीटच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात श्रेणीचा तक्ता असतो. तू कोणत्या विषयात पुढच्या श्रेणीपासून दोन-चार गुणांवर अडकलायस ते बघ आणि जोर तिथे लाव.

पत्रात तू लिहिलं नाहीस, पण मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेक पोरांचं इंग्रजीवर अडतं. सगळं कळतं आणि पेपरात वाक्य जुळत नाही. त्यावर एक रोकडा उपाय. मागच्या तीन-चार हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका गोळा कर. व्याख्या आणि सिद्धता वरचेवर त्याच येतात. त्या इंग्रजीत, पुस्तकातल्याच शब्दांत एका वहीत उतरव आणि न बघता लिहून काढ. गणितात तर वाक्यं कमीच लागतात, पायऱ्या लिहिल्या की पायऱ्यांचे गुण मिळतात. पाच प्रश्नांपैकी एक कोरा सोडून आलास की काय, ही शंका मला आहेच. पुढच्या निकालानंतर एखाद्या विषयाने दगा दिला तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागव. पुनर्मूल्यांकन करायचं नसलं तरी मागव, गुण कुठे गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

बीएचं म्हणशील तर, नको. बीए करून ज्या परीक्षा देता येतात त्या सगळ्या बीएस्सीवर देता येतात, उलटं नाही. विज्ञानाचा तुला कंटाळा आला असता तर मी वेगळं बोलले असते. पण पत्रात कंटाळ्याचा एक शब्द नाही, नुसती भीती आहे.

आता वेचणीचं. दिवाळीला पऱ्हाटी फुटलेली, मजूर मिळत नाही, माय एकटी वावरात, आणि तू खोलीवर पुस्तक धरून बसलेला. हे जमत नसतं, मला माहीत आहे. म्हणून हिवाळी परीक्षेचा अभ्यास पोळ्यापर्यंत निम्मा उरकायचा आणि पोळ्याला घरी गेलास की तेव्हाच बाबांशी बोलायचं, की पहिल्या वेचणीला येतो, परीक्षेच्या आधीचे दहा दिवस मात्र मला सोडा. अगोदर कळलं तर ते मजुरांची सोय बघतील. ऐन वेळी कळलं तर भांडण होईल. उन्हाळी परीक्षेला ही अडचण नाही, तुरी निघाल्यावर वावर मोकळंच असतं. त्रास आहे तो उन्हाचा. खोलीवर टिनपत्रं असतील तर दुपारी तिथे अभ्यास होत नाही, कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बस.

आणि ते साठ टक्के. फोनवर नको, रविवारी गावी जा. "बाबा, साठ सांगितले ते खोटं होतं. एक विषय राहिला आहे, या उन्हाळ्यात काढतो," एवढंच बोल. एसजीपीए-सीजीपीए समजावत बसू नकोस. ते रागावतील, कदाचित रात्रभर बोलणार नाहीत. पण कापसाला भाव मिळाला नाही की ते तुला खरा भाव सांगतात ना? मग त्यांनाही खरं कळायला पाहिजे. फ्लेक्स लावणाऱ्यांना मात्र काही सांगायची गरज नाही, त्यांच्या बॅनरवर आता दुसऱ्याचा वाढदिवस असेल.

सोमवारी सकाळी पहिलं काम कॉलेजच्या ऑफिसात. दुसऱ्या सेमचा पेपर उन्हाळी परीक्षेत देता येतो, पण बॅकचा फॉर्म चौथ्या सेमच्या फॉर्मपेक्षा वेगळा भरावा लागतो, हे विसरून कितीतरी पोरं वर्ष घालवतात. तारीख विचार, विलंब शुल्क लागायच्या आत भर आणि पावतीचा फोटो काढून ठेव. हॉल तिकिटावर विषय छापून आला नाही तर तीच दाखवावी लागते.

तुझी ताई